रेडिओच्या पगारावर साठ वर्षे : डॅनिश रेडिओ बिग बँड

पिंपळपार

काही दिवसांपूर्वी एका मित्राने बेन वेब्स्टर या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाचे एक ध्वनिमुद्रण ऐकायला दिले आणि सांगितले, की हे मैफलीचे नाही, तालमीचे आहे. १९७० साली कोपनहेगनमध्ये वेब्स्टर डॅनिश रेडिओच्या बिग बँडबरोबर तालीम करत होता आणि ध्वनिमुद्रण चालू होते. पुढे ते 'नो फूल, नो फन' या नावाने प्रसिद्ध झाले. तो वादकांशी बोलतो, मध्येच थांबवतो, तीच ओळ पुन्हा वाजवून घेतो. मैफलींची शेकडो ध्वनिमुद्रणे ऐकून जे कळले नव्हते ते या तालमीतून कळले, आणि त्याविषयीच हा धागा काढत आहे.

बिग बँड म्हणजे साधारण सतरा-अठरा वादकांचा जॅझ वाद्यवृंद. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि त्यांच्या पाठीशी पियानो, गिटार, बास व ड्रम्स, अशी त्याची ढोबळ मांडणी असते. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या नाचघरांनी असे वृंद पोसले. दुसऱ्या महायुद्धानंतर नाचघरांतली गर्दी ओसरली आणि एवढ्या माणसांचे पगार भागवणे बहुतेकांना जड जाऊ लागले. युरोपात मात्र या वृंदांना नभोवाणीने आसरा दिला, कारण त्या काळी रेडिओला रोज संगीत लागे आणि ते वाजवणारी माणसे पदरी असणे ही चैन नव्हती, गरज होती.

डेन्मार्कची राष्ट्रीय नभोवाणी, म्हणजे डीआर, १९२५ पासूनची. तिने १९६४ साली इब ग्लिनेमान यांच्या नेतृत्वाखाली हा वृंद उभा केला, तेव्हा त्याचे नाव 'नवा रेडिओ नृत्यवाद्यवृंद' असे होते. लोकांना घरात नाचण्याजोगे संगीत द्यावे, एवढीच माफक अपेक्षा त्या नावात दिसते. परंतु कोपनहेगनची हवा त्या वेळी वेगळी होती. माँमार्त्र नावाचा जॅझ क्लब १९५९ पासून भरात होता. अमेरिकन सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन १९६२ पासून या शहरात राहत होता आणि १९६४ च्या सुमारास बेन वेब्स्टर व पियानोवादक केनी ड्र्यू हेही आले. अमेरिकेत वर्णद्वेष सोसून कंटाळलेल्या या कृष्णवर्णीय वादकांना तिथे काम आणि मान दोन्ही मिळत होते. ज्या शहरात रात्री असे लोक वाजवतात, तिथला सरकारी नृत्यवृंद फार दिवस नुसता नृत्यवृंद राहणे शक्यच नव्हते. वृंदाच्या पहिल्याच वर्षी त्यात निल्स-हेनिंग ओर्स्टेड पीडरसन हा अठरा वर्षांचा बासवादक होता. त्याने त्याच्या आदल्याच वर्षी काउंट बेसी या अमेरिकन बँडप्रमुखाच्या वृंदाचे बोलावणे नाकारले होते. हा मुलगा १९८२ पर्यंत रेडिओच्या वृंदात राहिला आणि त्याच काळात पियानोवादक ऑस्कर पीटरसनबरोबर जगभर वाजवत फिरला.

माझ्या मते वृंदाचा खरा कायापालट थॅड जोन्सने केला. थॅड हा बेसीच्या वृंदातला जुना ट्रम्पेटवादक. १९६६ च्या फेब्रुवारीपासून तो आणि ड्रमवादक मेल लुईस मिळून न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅन्गार्ड या तळघरातल्या क्लबात दर सोमवारी रात्री एक बिग बँड चालवत. सोमवारच का, तर बाकीचे दिवस वादक स्टुडिओत आणि नाटकांच्या वृंदांत पोटापाण्याचे काम करत आणि सोमवारी मनासारखे वाजवायला जमत. १९७७-७८ मध्ये थॅडने डॅनिश वृंदाचे नेतृत्व घेतले आणि पाठोपाठ न्यूयॉर्क सोडून तो कोपनहेगनचाच झाला. सोमवारचा वृंद मेल लुईसने सांभाळला. न्यूयॉर्कमध्ये या जाण्याविषयी बरीच वर्षे कडवटपणाने बोलले गेले, पण मला त्यातले एक साधे कारण दिसते: जिथे सोमवारची एक रात्र मिळत होती त्याऐवजी आठवड्याचे सगळे दिवस मिळाले.

पुढची नावे पाहिली की गंमत कळते. १९९० च्या दशकात डॅनिश वृंदाचा प्रमुख झालेला बॉब ब्रुकमायर हा त्या सोमवारच्या वृंदाच्या आरंभीच्या वादकांपैकी होता आणि थॅड कोपनहेगनला निघून गेल्यावर त्या वृंदाचे सांगीतिक नेतृत्व ब्रुकमायरनेच केले होते. ब्रुकमायरनंतर आलेला जिम मॅकनीली हा त्याच वृंदाचा पियानोवादक. २०१९ मध्ये प्रमुख झालेली जपानी संगीतकार मिहो हाझामा न्यूयॉर्कला ज्यांच्याकडे शिकली त्यांत जिम मॅकनीली होता. १९८६ च्या ऑगस्टमध्ये थॅड कोपनहेगनमध्ये वारला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात टोकियोत मिहोचा जन्म झाला. आपल्याकडे याला घराणे म्हणतात. फरक एवढाच, की हे घराणे गळ्यातून नव्हे, कागदावरच्या स्वरलिपीतून चालत आले आणि त्याचा वाडा एका रेडिओ केंद्राने बांधून दिला.

'ऑरा' या तबकडीचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९८४ मध्ये डेन्मार्कचा सॉनिंग संगीत पुरस्कार अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसला मिळाला. तोपर्यंत तो पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या लोकांनाच दिला जात असे. वृंदाचा एकेकाळचा प्रमुख पाले मिकेलबॉर्ग याने माइल्स डेव्हिस या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या दहा अक्षरांवरून दहा सुरांची माळ तयार केली आणि तिच्यातून पांढरा, पिवळा, नारिंगी अशा रंगांच्या नावांची एक दीर्घ रचना उभी केली. डिसेंबरात समारंभात ती वाजली. माइल्सला ती इतकी आवडली, की १९८५ च्या आरंभी तो स्वतः कोपनहेगनला परत आला आणि रेडिओच्या वादकांसह ती ध्वनिमुद्रित केली. त्यात भारतीय वादकांबरोबरच्या 'शक्ती' या वृंदामुळे आपल्याला परिचित असलेला जॉन मॅकलॉफलिनही गिटारवर आहे. कोलंबिया कंपनीने ती तबकडी १९८९ पर्यंत बाहेर काढली नाही आणि बाहेर आल्यावर तिला ग्रॅमी मिळाले.

या सगळ्यातून माझी समजूत अशी झाली आहे, की रेडिओने पगार देऊन वादक विकत घेतले नाहीत, वेळ विकत घेतला. उत्तम वादक लंडन-न्यूयॉर्कमध्ये ढिगाने होते. तीच अठरा माणसे सकाळी दहाला आपापल्या खुर्चीवर बसलेली आणि दुपारपर्यंत कुठेही जायची नाहीत, हे मात्र फार थोड्या ठिकाणी होते. जाणकारांनी यावर लिहावे.

चौकसबाई

लेख आवडला, पण माझ्यासारख्या अडाणी वाचकाच्या दोन शंका आहेत. आमच्याकडे बँड म्हटले की वरात डोळ्यांपुढे येते. तिथेही ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन असतात, वादक दहा-पंधरा असतात आणि ते तालमी करताना मी तरी कधी पाहिलेले नाहीत. मग या लोकांना एवढा वेळ नेमका कशासाठी लागतो? दुसरे असे, की जॅझ म्हणजे उत्स्फूर्त वादन असे ऐकले होते. उत्स्फूर्त असेल तर कागद कशाला आणि कागद असेल तर उत्स्फूर्त कसे?

तिसरी_सप्तक

चौकसबाई, शंका अगदी रास्त आहेत. वरातीतला बँड मुख्यतः एकच चाल सगळ्यांनी मिळून वाजवतो आणि ती चाल सगळ्यांच्या कानात आधीच असते. बिग बँडमध्ये पाच सॅक्सोफोन पाच वेगळ्या ओळी वाजवत असतात. प्रत्येकासमोरच्या कागदावर फक्त त्याचीच ओळ लिहिलेली असते, शेजाऱ्याची नसते. वरची ओळ वाजवणारा पहिला आल्टो सॅक्सोफोन हा त्या विभागाचा म्होरक्या. तो एखादा सूर किती ताणतो, कुठे श्वास घेतो, सुराच्या शेवटी किंचित खाली घसरतो की नाही, हे बाकीच्या चौघांनी त्याच क्षणी तसेच करायचे असते आणि कागदावर यातले फारच थोडे लिहिता येते. ट्रम्पेटच्या रांगेत हेच काम 'लीड ट्रम्पेट' करतो, आणि उंच सुरांचा सगळा भार त्याच्या ओठांवर असतो.

आता थॅड जोन्सच्या लिखाणाकडे या. साधी संगत करणारा अरेंजर, म्हणजे वाद्यांना त्यांच्या ओळी लिहून देणारा, सा, ग, प असे मोकळे अंतर ठेवून सूर वाटून देतो. थॅड अगदी शेजारशेजारचे सूर वेगवेगळ्या वादकांना देतो, म्हणजे एकाला ग असेल तर शेजाऱ्याला मध्यम आणि त्याच्या पलीकडच्याला तीव्र मध्यम, असा तो मामला असतो. हे सूर एकमेकांना घासतात. किंचित बेसूर झाले तर नुसता गोंगाट होतो आणि नेमके जुळले तर सगळा विभाग एखाद्या वाद्यासारखा चकाकतो. ती चकाकी शेजारी बसणाऱ्याच्या सुराची सवय झाल्याशिवाय येत नाही, आणि सवय व्हायला वर्षे लागतात. पिंपळपार यांच्या 'वेळ विकत घेतला' या म्हणण्याला माझा पाठिंबा आहे तो एवढ्यासाठी.

दुसऱ्या शंकेचे उत्तर असे, की कागद आणि उत्स्फूर्तता आलटून पालटून येतात. रचना लिहिलेली असते, पण तिच्यात मोकळ्या जागा सोडलेल्या असतात. त्या जागी एक वादक उभा राहतो, त्याच्या कागदावर फक्त कोणत्या स्वरसंगतीवरून जायचे याच्या खुणा असतात, आणि त्या चौकटीत तो मनाने वाजवतो. मागे बाकीचे लोक लिहिलेले तुकडे हलकेच टाकत राहतात. आपल्याकडच्या लेहऱ्यावर, म्हणजे सारख्या फिरत्या धुनेवर, तबलावादक स्वतंत्र वाजवतो त्याची आठवण व्हावी, पण इथे लेहराही मिनिटामिनिटाला बदलत असतो.

एक गमतीची गोष्ट सांगतो. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनचा आवाज माणसाच्या बोलण्यासारखा 'वॉ-वॉ' करण्यासाठी वाद्याच्या तोंडावर रबरी वाटी धरून ती उघडमीट करतात. ही वाटी म्हणजे बेसिन तुंबल्यावर आपण जो रबरी पंप वापरतो त्याचीच, दांडा काढलेली. अमेरिकन बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या वादकांनी ती कला परिपूर्ण केली आणि आजही भल्या भल्या वृंदांत वादकाच्या खुर्चीखाली महागड्या म्यूटच्या, म्हणजे आवाज बदलणाऱ्या बुचाच्या, शेजारी ही वाटी पडलेली असते.

बिनपगारी

सगळे कौतुक वाचले. थोडे थंड पाणी ओततो, राग मानू नये. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढी. त्या लोकांच्या पैशातून अमेरिकेत जन्मलेले आणि अमेरिकेतच लोकप्रियता गमावलेले संगीत साठ वर्षे पोसायचे, याला सांस्कृतिक धोरण म्हणावे की हौस? शिवाय प्रमुखांची यादी पाहा: जोन्स, ब्रुकमायर, मॅकनीली, हाझामा. यात डॅनिश किती? आणि कायमच्या पगाराने कलावंत सुखावतो, हा आपल्याकडचा अनुभव तिथे लागू पडत नाही असे कोणी समजू नये. सोमवारी रात्री दमून भागून वाजवणाऱ्या न्यूयॉर्कच्या वृंदाने जे दिले, ते पगारी वृंदाने दिले का, हा प्रश्न मूळ लेखात टाळलेला आहे.

उत्तरायण

मी गेली अकरा वर्षे कोपनहेगनला राहतो, त्यामुळे बिनपगारी यांच्या प्रतिसादातल्या काही गोष्टींवर लिहिणे भाग आहे. पहिली गोष्ट म्हणजे पगार 'कायमचा' आहे हा गैरसमज. २०१४ च्या सप्टेंबरात डीआरने आपला छोटा अभिजात वाद्यवृंद बंद करण्याचे जाहीर केले. तो १९३९ पासूनचा होता, म्हणजे बिग बँडपेक्षा पंचवीस वर्षांनी वडील, आणि अ‍ॅडम फिशरसारखा नामवंत संचालक त्याच्यापुढे उभा राहत होता. वर्षअखेर तो बंद झालाही. त्याच काळात त्या वादकांची एक चित्रफीत जगभर पाहिली गेली. भर मंचावर याकोब गाडेचा प्रसिद्ध 'जेलसी' टँगो वाजवता वाजवता सगळ्यांनी अतितिखट मिरच्या खाल्ल्या आणि डोळ्यांतून धारा वाहत असताना, तोंडे लालबुंद झालेली असताना रचना शेवटपर्यंत नेली. (कोल्हापूरकरांनी हसू नये, त्या मिरच्या आपल्या लवंगीच्या आजीच्याही वरच्या होत्या.) पुढे तो वृंद खासगी देणग्यांवर स्वतंत्रपणे उभा राहिला. बिग बँड त्या कपातीतून वाचला, पण शेजारच्या घराला कुलूप लागताना त्याने पाहिले आहे.

दुसरी गोष्ट इमारतीची. जुने रेडिओ भवन फ्रेडरिक्सबर्ग भागात, वास्तुरचनाकार विल्हेल्म लॉरिट्सन यांचे, आणि त्यातला मैफलीचा दिवाणखाना १९४५ सालचा. आता तिथे संगीत महाविद्यालय आहे. २००९ च्या जानेवारीत शहराच्या दक्षिणेला फ्रेंच वास्तुरचनाकार जाँ नूव्हेल यांचे नवे संगीतगृह उघडले. बाहेरून निळ्या कापडाचा प्रचंड ठोकळा दिसतो, रात्री त्यावर चित्रे उमटतात आणि आत एक मोठे व तीन लहान सभागृहे आहेत. मोठ्यात सुमारे १८०० लोक बसतात. त्याचा खर्च अंदाजाच्या इतका पलीकडे गेला, की डीआरला त्यापायी नोकरकपात करावी लागली. त्यानंतर २०१८ मध्ये राजकीय पक्षांनी डीआरचे उत्पन्न वीस टक्क्यांनी कमी करण्याचे आणि घराघरातून घेतले जाणारे परवाना शुल्क टप्प्याटप्प्याने बंद करून तो खर्च करातून भागवण्याचे ठरवले. अशा वाऱ्यात अठरा जणांचा जॅझ वृंद टिकून राहतो, तेव्हा तो सुखावून झोपलेला असणे अवघडच.

तिसरी गोष्ट 'परक्या' संगीताची. शहराच्या दक्षिण बंदराच्या भागात नव्या वस्तीतल्या रस्त्यांना बेन वेब्स्टर, डेक्स्टर गॉर्डन आणि थॅड जोन्स यांची नावे दिलेली आहेत. वेब्स्टर १९७३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला वारला, पण त्याची समाधी इथे अ‍ॅसिस्टन्स दफनभूमीत आहे, जिथे परीकथाकार अँडरसन आणि तत्त्वज्ञ किर्केगार्ड आहेत. थॅड जोन्सही याच शहराच्या मातीत आहे. ज्यांना आपण आपल्यात पुरून घेतले त्यांचे संगीत परके, असे म्हणायला इथले लोक तयार होणार नाहीत.

मी या वृंदाला अनेकदा ऐकले आहे. मला सर्वांत लक्षात राहिलेला क्षण संगीताचा नाहीच. मध्यंतरानंतर वादक परत येत होते, तेव्हा बास ट्रॉम्बोनवाल्याने आपल्या स्टँडवरचा कागद उचलून पुढे वाकून सॅक्सोफोनच्या रांगेतल्या एकाला दाखवला, बोटाने एक जागा दाबून धरली, दोघांनी माना हलवल्या आणि तो परत बसला. पुढच्या रचनेत ती जागा कोणती असावी, ते मी शोधत राहिलो आणि मला काही सापडली नाही.

मांडवीकाठ

पिंपळपार आणि तिसरी_सप्तक यांनी कागदाविषयी लिहिले म्हणून आमच्या गोव्याची बाजू मांडतो. चर्चला जोडलेल्या शाळांत पोरांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. तीच मुले मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि तिथून चित्रपटांच्या स्टुडिओत गेली. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ हा सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता. 'अलबेला'त तो आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतो. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी अरेंजिंग केले. रामचंद्र चितळकरांच्या डोक्यातली चाल आणि ऐकणाऱ्याच्या कानावर पडणारा ब्रासचा, म्हणजे पितळी वाद्यांचा, झगमगाट यांच्यामध्ये एक गोवेकर बसून रात्रभर कागद लिहीत असे.

आता तुलना पाहा. मुंबईचे वादक वाचण्यात कोणालाही हार जाणारे नव्हते. सकाळी स्टुडिओत यायचे, समोर शाई न वाळलेला कागद यायचा, दोन-चार वेळा वाजवून बघायचे आणि टेक. पण ते सारे शिफ्टवर चाले. शिफ्ट संपली की वृंद संपला. उद्या दुसऱ्या स्टुडिओत दुसरी माणसे शेजारी. आणि गाणे ध्वनिमुद्रित झाल्यावर त्या कागदांचा कोणालाच उपयोग उरत नसे, त्यांतले फार थोडे जपले गेले. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत आपल्या रागसंगीतावर आधारलेल्या रचनांसाठी मोठा वाद्यवृंद उभा केला होता. गुण होता, कल्पना होती, वादक होते. महिन्याच्या महिन्याला पगार देणारे कोणी नव्हते आणि ते स्वप्न लांबवर चालले नाही. डॅनिश रेडिओकडे थॅड जोन्सचे कागद असतात आणि आमच्याकडे तबकडीवर ऐकून अंदाजाने परत लिहावे लागते, हा फरक मला बोचतो.

कोकणकडा

राष्ट्रीय नभोवाणीचा विषय आहेच, तर आपल्या आकाशवाणीचा उल्लेख हवा. दिल्लीला 'वाद्यवृंद' या नावाचाच राष्ट्रीय वृंद १९५० च्या दशकात सुरू झाला आणि पंडित रविशंकर त्याचे संचालक होते. त्यांनी ते पद सोडल्यावर १९५६ मध्ये बासरीवादक पन्नालाल घोष आले. म्हणजे पगारी वृंद ही कल्पना आपल्याला परकी नव्हती. अडचण संगीताच्या जातीत होती. राग हा एका ओळीत फुलतो. पंचवीस जणांना एकच ओळ दिली तर ती जाड होते, खोल होत नाही, आणि वेगवेगळ्या ओळी दिल्या तर राग बिघडल्याची ओरड होते. रविशंकरांनी आणि घोषबाबूंनी यातून वाट काढण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, पण पुढच्या संगीतकाराने ज्याच्यावर पाय ठेवून वर चढावे असे लेखन तिथे साचले नाही, असे माझे मत आहे. जॅझच्या बिग बँडला एलिंग्टन आणि बेसीपासूनची शिडी तयार मिळाली होती.

जाता जाता आपल्या जवळचा एक दुवा. जर्मनीतही असे चार रेडिओ वृंद आहेत: कोलोन, हॅम्बुर्ग, फ्रँकफुर्ट आणि श्टुटगार्टचे. ते राष्ट्रीय नसून प्रांतिक नभोवाण्यांचे आहेत. त्यांपैकी हॅम्बुर्गच्या एनडीआर बिग बँडबरोबर त्रिलोक गुर्टू यांनी '२१ स्पाइसेस' ही तबकडी २०११ मध्ये केली. शोभा गुर्टूंच्या घरातला मुलगा, मुंबईत वाढलेला, तबल्याचे बोल घेऊन सतरा जर्मन वादकांच्या मधोमध बसतो आणि ते त्याचे हिशेब कागदावर उतरवून बरोबर समेवर येतात. ही गोष्ट आकाशवाणीच्या एखाद्या स्टुडिओत व्हायला हवी होती, असे ऐकताना वाटत राहते.

बिनपगारी

उत्तरायण, मिरच्यांची चित्रफीत पाहिली. 'सुखावतो' हा शब्द मागे घेतो. परंतु माझा मुख्य प्रश्न अजून उभाच आहे. ब्रिटनचे उदाहरण घ्या. बीबीसी बिग बँडच्या वादकांची पगारी नोकरी १९९० च्या दशकात संपली. त्यानंतरही बॅरी फॉर्गी यांच्या नेतृत्वाखाली तो वृंद त्याच नावाने वाजवत राहिला, रेडिओवर ऐकू येत राहिला. वादक कामापुरते येतात, पैसे घेतात, जातात. कोणाचे काय बिघडले? लंडनचे वादक पाहता क्षणी वाचतात, त्यांना तालमीची गरज कमीच लागते.

पिंपळपार

बिनपगारी, तुमचे उदाहरण उत्तम आहे आणि माझ्या मते ते माझ्याच बाजूने साक्ष देते. कामापुरता जमलेला वृंद जुने लिखाण झकास वाजवतो, कारण ग्लेन मिलर किंवा बेसी सगळ्यांना पाठ असतात. बीबीसीचा वृंद त्यात कोणाला ऐकत नाही. पण नवे, अवघड, आधी कधी न ऐकलेले लिखाण पहिल्यांदा समोर येते तेव्हा लिहिणाऱ्यालाही आपण काय लिहिले आहे ते ऐकायचे असते. ब्रुकमायर आणि मॅकनीली यांना वृंदाने दिले ते हेच. लिहा, सकाळी ऐका, घरी जाऊन खोडा, परवा पुन्हा ऐका. सोमवारच्या रात्रीला मी कमी लेखत नाही, सगळी बीजे तिथलीच आहेत. पण ब्रुकमायरच्या उत्तरायुष्यातले लांबच लांब, हळूहळू उलगडणारे लेखन क्लबातल्या एका रात्रीत मावणारे नव्हते.

प्रमुख परदेशी असण्याबद्दल म्हणाल, तर ग्लिनेमान आणि मिकेलबॉर्ग हे दोघे डॅनिशच, आणि वृंदात बसणारे बहुसंख्य वादकही. बाहेरून गुरू बोलावण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. आपल्या संस्थानिकांनी दुसरे काय केले? अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरला आले नसते तर मराठी मुलुखात जयपूर गायकी कुठून आली असती?

आणखी एक उदाहरण देतो. रोलिंग स्टोन्सचा ड्रमवादक चार्ली वॉट्स त्या वृंदात जाण्यापूर्वी काही काळ डेन्मार्कमध्ये जाहिरातींच्या आरेखनाचे काम करत असे. जॅझ हे त्याचे पहिले प्रेम. २०१० मध्ये तो या बिग बँडकडे आला. चार दिवस तालीम झाली आणि मग नव्या संगीतगृहात मैफल. वृंदात बसणारा ब्रिटिश ट्रम्पेटवादक जेरार्ड प्रेझेन्सर याने स्टोन्सच्या काही गाण्यांना बिग बँडचे रूप दिले, आणि बासवर वॉट्सचा बालमित्र डेव्ह ग्रीन होता. ते ध्वनिमुद्रण २०१७ मध्ये बाहेर आले. ज्याच्याकडे पैशाची ददात नाही असा माणूसही शेवटी तिथे गेला, कारण चार दिवस एकत्र बसणारी अठरा माणसे बाजारात सहज मिळत नाहीत.

चौकसबाई

तिसरी_सप्तक यांचा प्रतिसाद वाचून काल रात्री एलिंग्टनचे जुने ध्वनिमुद्रण लावले आणि ती रबरी वाटी मला ऐकू आली. ट्रॉम्बोन चक्क कुरकुरत होता, एखादे म्हातारे माणूस जेवणाला नावे ठेवते तसा. घरातल्यांना सांगितल्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही, म्हणून आज हार्डवेअरच्या दुकानातून नवी वाटी आणली आहे. पुतण्या ढोल-ताशा पथकात असला तरी त्याच्याकडे एक ट्रम्पेट आहे. दांडा तेवढा निघता निघत नाही, तो फिरवून काढायचा की कापायचा?

तिसरी_सप्तक

फिरवून काढा, बहुतेकांना आटे असतात. आणि वाटी तोंडावर घट्ट दाबून धरू नका, कडेला दोन बोटांची फट राहू द्या, नाहीतर सूर वर चढतो. लहान आकाराची आणली असेल तर ट्रम्पेटला चालेल, ट्रॉम्बोनला मोठी लागते.